भिजलेल्या मातीचे बळ

पेटी म्हटले की तुम्हाला कपड्यांची पेटी आठवेल, नाहीतर गाण्याची. मी त्यातली नाही, मित्रांनो. मी माती तपासण्याची जुनी पेटी आहे. भोसरीच्या एका लहानशा प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात मूठभर माती भरतात, वरून वजन ठेवतात आणि ती माती मोडेपर्यंत मला सरकवतात. ऐकायला हे काम फारसे मोठे वाटत नाही. पण ती मूठभर माती कुठल्या तरी डोंगराची असते, आणि त्या डोंगराखाली कुणीतरी राहत असते.

माझा जन्म भोसरीच्याच औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. खंडू मिस्त्रींनी मला घडवले. पितळेचे दोन चौकोनी भाग, एकावर एक बसवलेले. वरचा भाग जागेवर थांबतो, खालचा सरकतो. मिस्त्री माझ्या कडा कानशीने घासत, मग बोटाने चाचपत, पुन्हा घासत. शेजारच्या शेडमधले लोक चेष्टा करायचे, की मातीच तर भरायची आहे, तिला एवढी नाजूक पेटी कशाला? मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "पेटीच अडली तर मातीचा जोर कळायचा कसा? भलताच आकडा येईल, आणि त्या आकड्यावर कोण घर बांधील देव जाणे."

शेवटी त्यांनी मला एक हँडल लावले, आणि पोलादाचे एक गोल कडे. कड्यात घड्याळासारखी तबकडी आहे. हँडल फिरवले की खालचा भाग सरकू लागतो. माती सरकायला नकार देते. ती जितका जोर धरते तितके कडे दबते आणि काटा पुढे जातो. माती मोडली की काटा थांबतो आणि मागे फिरतो. काटा जिथे थांबला, तेवढे त्या मातीचे बळ.

दौलतराव मला न्यायला आले तेव्हा तरुण होते. चांगली नोकरी सोडून त्यांनी मातीची प्रयोगशाळा काढली होती, म्हणून घरचे लोक त्यांच्यावर रुसले होते. टेम्पोत मला मांडीशी धरून ते बसले. रस्त्यात खड्डा आला की माझ्यावर हात ठेवायचे.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. पिंपरी-चिंचवड चहूकडे वाढत होते. रावेतला उंच इमारती उभ्या राहायच्या होत्या, चाकणला कारखाने यायचे होते, आणि त्या सगळ्यांच्या पायाखालची माती आधी माझ्याकडे यायची. काळी माती, मुरूम, इंद्रायणीकाठची वाळू, साऱ्यांशी माझी ओळख झाली. या ओळखीतून मी एक गोष्ट शिकले. माती दोन प्रकारांनी तग धरते. साखरेचा ढीग करून पाहा. दाणे एकमेकांना घासतात, अडतात, म्हणून ढीग उभा राहतो. हे घर्षणाचे बळ. वरून जितके दाबाल तितके ते वाढते. आता कणकेचा गोळा पाहा. तो चिकटून असतो, म्हणून मोडत नाही. हे चिकटपणाचे बळ. ते दाबल्याने वाढत नाही. कुठल्याही मातीत या दोन्ही बळांचे काही ना काही प्रमाण असते, आणि ते प्रमाण शोधणे हे माझे काम.

माझ्याकडचे आकडे संगणकात भरतात आणि तिथे डोंगराचे चित्र मांडतात. डोंगराला खाली ओढणारे वजन किती आणि त्याला धरून ठेवणारे बळ किती, याचा हिशेब करतात. धरणारे बळ पुरेसे जास्त असेल तर उतार टिकेल, नसेल तर घसरेल. चित्र फार सुंदर रंगीत असते. पण आत जी माती सांगितली तीच माती त्या चित्राला कळते. डोंगरात प्रत्यक्ष काय आहे ते त्याला कोण सांगणार?

त्या दिवसांत माझे कौतुक व्हायचे. कॉलेजची मुले येत, माझ्याभोवती उभी राहत. काटा मागे फिरला की "मोडली!" असे एकदम ओरडत. दौलतराव मला रोज स्वतः पुसायचे.

नंतर प्रयोगशाळेत नवे यंत्र आले. ते विजेवर चालते, आकडे आपोआप टिपते. त्याचा मला राग नाही. ते कामाला चोख आहे आणि थकत नाही. पण मला कोपऱ्यात सरकवले गेले. कुणी माझ्यावर चहाचे कप ठेवले, कुणी हेल्मेट. माझ्या खाचांत जुनी माती वाळून बसली. खूप दिवस कुणाचा हात लागला नाही की आपण कशासाठी आहोत हेच हळूहळू विसरायला होते.

दीक्षा आमच्याकडे आली तेव्हा मी अशी होते. ती पिंपरीच्या कामगार वस्तीत वाढलेली. तिचे वडील कारखान्यात लेथवर होते. शिकून इंजिनिअर झालेली ही मुलगी मोजकेच बोलायची, पण मातीचा नमुना आला की आधी तो हातात घेऊन चुरून बघायची, मग यंत्रात भरायची. दौलतरावांना ती सवय आवडली होती.

चाकणच्या पुढे एका टेकडीच्या पायथ्याशी एका कंपनीला गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. त्यासाठी त्यांनी टेकडी उभी कापली. कापलेली बाजू चांगली तीन-चार मजली उंच होती. खाली कंपनीच्या फाटकाला लागून दुर्गाबाईंच्या खोल्या होत्या. दुर्गाबाई आणि त्यांचे यजमान हिंगोलीकडून इकडे आलेले. त्यांची खानावळ होती. शिफ्ट सुटली की कामगार तिथे जेवायचे, आणि मागच्या खोल्यांत काही जण भाड्याने राहायचे.

एप्रिलमध्ये त्या टेकडीचे नमुने आमच्याकडे आले. वरचा मुरूम आणि खडकाचे तुकडे. मुरूम कोरडा होता, त्याने चांगला जोर धरला. खडकाच्या तुकड्यांनी तर दाबण्याच्या यंत्राला घाम फोडला. दौलतरावांनी हिशेब केला आणि कंपनीला कळवले, की उतार टिकेल. कंपनीच्या बाजूने काम पाहणारे रणजीत खूश झाले.

मे महिना संपता संपता दीक्षा पावसाळ्याआधी गटार पाहायला साइटवर गेली, ती परत आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एक ढेकूळ होते.

"सर, पोकलेननं पायथ्याचे दगडगोटे काढलेत. मागं तांबडा पट्टा दिसतोय, हातभर जाडीचा. बाहेरच्या बाजूला कललेला आहे. आपण त्याची माती घेतलीच नव्हती."

दौलतराव खुर्चीतून उठले. "ओल आहे त्याला?"

"आत्ता नाही. पण पांढरे ओघळ आहेत. पावसात तिथून पाणी येत असणार."

आपला हा सगळा मुलूख लाव्हाचा आहे, मित्रांनो. लाव्हाचा एक थर निवला, त्याच्यावर माती साचली, मग दुसरा थर येऊन तिच्यावर पसरला आणि ती माती भाजून निघाली. तोच हा तांबडा थर. कोरडा असताना तो विटेसारखा कडक लागतो.

नव्या यंत्रावर दुसऱ्या मोठ्या कामाचे नमुने चढवलेले होते. तांबड्या मातीला तर भिजवून, फार सावकाश तपासायचे होते. दीक्षाने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्यावरचे हेल्मेट उचलले. बारीक ब्रशने तिने माझ्या खाचा साफ केल्या, तेल दिले, रिकामे हँडल फिरवून पाहिले. मी अडले नाही. खंडू मिस्त्रींच्या हाताची ती पुण्याई.

आधी कोरडी माती भरली. काटा पुढे गेला, आणखी पुढे गेला. कोरडी तांबडी माती मुरुमाच्या बरोबरीने उभी राहिली. मग तीच माती भिजवून भरली. दीक्षा हँडल इतके हळू फिरवत होती की मी सरकते आहे हे माझे मलाही जाणवत नव्हते. पाण्याला निघून जायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर आकडा फसवतो.

त्या टेकडीखाली माणसे राहतात, हे इथल्या बोलण्यातून मला कळले होते. काटा चढू लागला तेव्हा मी मनातून मातीला म्हणत होते, धर, अजून थोडे धर. पण काटा लवकरच थबकला. मग मागे आला. दीक्षाने वजन वाढवून दुसरा नमुना लावला, मग तिसरा. तिन्ही वेळा तेच झाले. एकदा मोडलेली माती तिने पुन्हा मागेपुढे सरकवून पाहिली, तर ती पहिल्याहूनही कमी जोर धरू लागली. माझ्या हातात असते तर मी काटा दोन रेघा पुढे ढकलला असता. पण मग मी कशाला हवी होते?

दीक्षाने कागदावर दोन रेषा काढल्या, एक कोरड्या मातीची, एक भिजलेल्या मातीची. दुसरी रेषा कितीतरी खाली होती. तो आकडा घालून तिने संगणकातली टेकडी पुन्हा मांडली. या वेळी हिशेबात धरणारे बळ कमी पडले.

दौलतरावांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. "आपला रिपोर्ट गेलाय, दीक्षा. माझ्या सहीनं गेलाय."

"हो सर."

"मग तो मीच परत घेतो." त्यांनी फोन उचलला.

रणजीत त्याच संध्याकाळी आले. ते चिडले नाहीत, पण गोंधळले होते. "सर, रिपोर्ट तुमचाच. आता तुम्हीच म्हणताय तो धरू नका?"

"हो. मीच म्हणतोय."

"अहो, पण खडक केवढा कडक निघाला होता!"

"तुकडा कडकच आहे. पण डोंगर म्हणजे एक तुकडा नाही, रणजीत. त्याला भेगा आहेत. पाणी भेगांतून उतरतं आणि या तांबड्या थरावर येऊन थांबतं. वरचा खडक कितीही कडक असू दे. तो बसलाय कशावर, ते बघा."

दौलतरावांनी माझ्या पोटातली भिजलेली माती काढून रणजीतच्या तळहातावर ठेवली. रणजीतनी ती बोटांनी चोळली. ती साबणासारखी पसरली. हात न धुताच त्यांनी खिशातून फोन काढला.

"पोकलेन दुसऱ्या साइटवर गेलाय," ते म्हणाले. "परत बोलावतो. काय काय करायचं ते सांगा."

उतार मागे घ्यायचा, त्याला पायऱ्या पाडायच्या, वर पाणी अडवून बाजूला काढायचे आणि तांबड्या थराजवळ पाणी निघायला नळ्या घालायच्या, असे ठरले. सगळे पावसाआधी होणार नव्हते, हेही उघड होते. म्हणून काम पुरे होईपर्यंत खालच्या खोल्या रिकाम्या करायला हव्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी दुर्गाबाई आमच्या प्रयोगशाळेत आल्या. रणजीतच त्यांना घेऊन आले होते. त्या दारातूनच बोलू लागल्या.

"कोण म्हणू लागलं माझ्या खोल्या पडतेत म्हणून? आम्ही दोघा नवराबायकोनं हातानं विटा रचल्यात तिथं. इतके पावसाळे गेले, खडा नाही आला खाली!"

"मावशी, इतके पावसाळे टेकडी कापलेली नव्हती," दीक्षा म्हणाली. "तुम्ही बसा. मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा."

तिने माझ्यात कोरडी तांबडी माती भरली आणि हँडल दुर्गाबाईंच्या हातात दिले. एरवी हे काम फार सावकाश करायचे असते, पण नुसते दाखवायचे होते. दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि हँडल फिरवले. पोळ्या लाटणारा तो हात भक्कम होता.

"जड जाऊ लागलं की."

"तुमच्या घरामागची माती आहे. उन्हाळ्यातली. आता हीच, पावसाळ्यातली."

भिजवून ठेवलेली माती तिने भरली. दुर्गाबाई पहिल्याइतकाच जोर लावायला गेल्या. दोन-चार वेढ्यांतच माती मोडली आणि हँडल हातात सैल पडले. त्यांनी हँडल सोडले नाही. पुन्हा फिरवून पाहिले. 

"मागच्या खोलीत चार पोरं झोपतेत," त्या हळूच म्हणाल्या. मग रणजीतकडे वळल्या. "माणसं हलवते मी. पण चूल कुठं मांडू ते सांगा. शिफ्ट सुटली की पोरं उपाशी येतेत."

"फाटकाच्या आत, टेकडीपासून लांब, सायकल स्टँडची शेड आहे," रणजीत म्हणाले. "तिथं मांडा. राहायची सोयही बघतो. मी बोलतो वर."

खोल्या रिकाम्या झाल्या. खानावळ शेडमध्ये गेली. पोकलेन आला, एका बाजूने उतार मागे घेण्याचे काम सुरू झाले. जून गेला. पाऊस झाला, थांबला, पुन्हा झाला. टेकडी जशीच्या तशी उभी होती. दुर्गाबाईंचा फोन येऊ लागला. शेडमध्ये झड आत येते, पीठ ओले होते. घर पुढ्यात धडधाकट उभे असताना माणसाने परक्या शेडमध्ये किती दिवस काढायचे? त्यांचे बोलणे चुकीचे नव्हते. फोन ठेवला की दीक्षा तो दोन रेषांचा कागद पुन्हा काढून बघायची. एकदा तिने दौलतरावांना विचारले, "सर, मी उगाच तर त्यांना उठवलं नाही ना?"

"भिजलेल्या मातीचा आकडा बदललाय का?"

"नाही."

"मग आभाळाकडं बघून निर्णय फिरवायचा नाही."

खरे सांगते, मित्रांनो, तेव्हा मलाही शंका आली होती. मी जुनी झाले आहे, माझेच काही चुकले असेल, असे वाटायचे.

जुलैमध्ये संततधार लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी दौलतरावांचा फोन वाजला. पलीकडून रणजीत इतक्या मोठ्याने बोलत होते की मलाही ऐकू आले. ज्या बाजूला उतार मागे घेतला होता तिथे काही झाले नव्हते. पण जिथे काम व्हायचे राहिले होते, तिथला अख्खा भाग तांबड्या थरावरून घसरून खाली आला होता. दुर्गाबाईंच्या मागच्या खोल्या चिखलादगडाखाली गेल्या होत्या.

"माणसं?" दौलतरावांनी विचारले.

"सगळी शेडमध्ये होती सर. जेवत होती."

दीक्षा भिंतीला टेकून खाली बसली आणि रडू लागली. दौलतरावांनी तिला रडू दिले. त्यांचेही डोळे भरले होते.

तुम्हाला वाटेल, दुर्गाबाई आनंदाने आभार मानायला आल्या असतील. तसे झाले नाही. स्वतःच्या हाताने रचलेले घर डोळ्यांदेखत गेले होते. पुष्कळ दिवस त्या कुणाशी नीट बोलल्या नाहीत. कंपनीने आवारातच, टेकडीपासून लांब, त्यांना खानावळीसाठी पक्की खोली दिली. राहायला मात्र त्या स्वतःची जागा शोधत होत्या. दिवाळीनंतर एकदा त्या आल्या. हातात दुधाची रिकामी पिशवी होती, आणि पिशवीत माती.

"चिंबळीकडं जागा बघितली," त्यांनी पिशवी दीक्षासमोर ठेवली. "घ्यायच्या आधी म्हटलं, पोरीला दाखवावी."

"मावशी, एवढ्यानं नाही कळायचं. मला जागेवर यावं लागेल."

"मग चल की. माझ्याकडं जेव, अन् मग बघ."

आणि दीक्षा लगेच त्यांच्याबरोबर गेली.

आता माझ्यावर कुणी कप ठेवत नाही. सावकाश करायच्या कामांसाठी नव्या यंत्राशेजारी मला जागा मिळाली आहे. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. डोंगर कापावे लागतात, रस्ते आणि कारखाने व्हावे लागतात, हे मला कळते. पण कापण्याआधी त्याच्या पोटातला सगळ्यात दुबळा थर शोधा, आणि त्याला कोरडा नाही, भिजलेला असताना विचारा. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या मागे उतार असेल, तर अधूनमधून त्याच्याकडे बघत जा. वरच्या जमिनीला नवी भेग दिसली, झाड किंवा विजेचा खांब कलला, कोरड्या जागी अचानक पाणी झिरपू लागले, तर तिथे खेळू नका आणि मोठ्या माणसांना लगेच सांगा. त्यांनी हसण्यावारी नेले तर पुन्हा सांगा.

आज सकाळी माझ्या पोटात एक नवी माती भरली आहे. दिघीच्या बाजूला एका टेकडीखाली शाळा आहे, तिच्यामागची. ती मुले मी पाहिलेली नाहीत, त्यांनाही माझे नाव माहीत नाही. दीक्षाने वजन ठेवले आहे आणि मातीवर पाणी सोडले आहे. हँडलला तिने अजून हात लावलेला नाही. आम्ही दोघी माती पुरती भिजण्याची वाट बघतो आहोत.